पंखा स्वस्त, वारा महाग!

विशेष प्रतिनिधी

होळी पेटली की विजेच्या सामानाच्या बाजारपेठांना बहर येतो. मुंबईची लोहार चाळ असो वा पुण्याची तपकीर गल्ली, दुकानांच्या दाराशी पंख्यांच्या खोक्यांची चळत लागते आणि ‘त्यातल्या त्यात स्वस्त कोणता?’ हा एकच प्रश्न दिवसभर ऐकू येतो. दुकानदार आकडा सांगतो, ग्राहक घासाघीस करून शंभर-पन्नास रुपये कमी करून घेतो आणि सौदा पटतो. तो सौदा खरोखर स्वस्तात पडला की नाही, याचा निकाल मात्र दुकानात लागतच नाही. पंखा छताच्या हुकाला टांगताना काय खर्च येतो आणि त्यानंतर दर महिन्याला विजेचे बिल किती येते, यावर तो निकाल अवलंबून असतो.

पंख्याकडे आपण अजूनही किरकोळ खरेदी म्हणून पाहतो. वातानुकूलन यंत्राची चर्चा होते, त्याच्या वीजवापराची चिंता होते. पंखा गृहीत धरला जातो. वस्तुतः देशातील बहुसंख्य कुटुंबांसाठी उन्हाळ्यातील दिलाशाचे तेच एकमेव यंत्र आहे. २०२० सालच्या एका देशव्यापी पाहणीत सुमारे ९० टक्के घरांत पंखे आढळले होते. त्यांतील ऊर्जाकार्यक्षम पंख्यांचे प्रमाण जेमतेम ३ टक्के होते. विजेच्या दिव्यांच्या बाबतीत देशाने दहा वर्षांत कात टाकली असताना पंखा मागे का राहिला, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. तंत्रज्ञान उपलब्ध आहे आणि किंमतही आवाक्याबाहेरची नाही. घोडे अडले आहे ते पंखा बसवण्याच्या टप्प्यावर. सरकारी धोरणाने ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले, तो टप्पा हाच आहे.

तीन खात्यांचा हिशेब

पंख्याचा खर्च तीन खात्यांत विभागलेला असतो. पहिले खाते खरेदीचे, दुसरे जोडणीचे आणि तिसरे वापराचे. पहिल्या खात्याकडे ग्राहकाचे पूर्ण लक्ष असते, कारण तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. दुसरे खाते वायरमन दारात उभा राहिल्यावर उघडते. तिसरे खाते दहा-पंधरा वर्षे चालूच राहते. परंतु फ्रीज, गिझर, दिवे आणि टीव्ही यांच्या बिलात ते मिसळून जात असल्याने वेगळे असे कधी दिसत नाही.

हे तिसरे खाते किती मोठे असते, ते साध्या गुणाकाराने समजते. जुन्या पद्धतीचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट वीज घेतो. तो दिवसाला १२ तास आणि वर्षातील ३०० दिवस चालला, तर वर्षाला २७० युनिट होतात. सर्व आकार धरून युनिटला ८ रुपये असा दर हिशेबापुरता गृहीत धरला, तर एका पंख्याची वर्षाची वीज २,१६० रुपयांची होते. याचाच अर्थ, दीड-दोन हजार रुपयांना घेतलेला पंखा दरवर्षी स्वतःच्या किमतीएवढी किंवा त्याहून अधिक वीज खातो. खरेदीच्या वेळी कमी करून घेतलेले शंभर रुपये या हिशेबात तीन आठवडेही टिकत नाहीत.

महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. पहिली १०० युनिटे, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे, असे हे टप्पे आहेत. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी आणि महावितरण या चार कंपन्यांचे दर वेगवेगळे असले, तरी वरच्या टप्प्यातील युनिट महाग हे तत्त्व सर्वत्र समान आहे. वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते. साहजिकच ज्या घराचा वापर ३२० किंवा ३३० युनिटांवर रेंगाळतो, त्या घरात एक पंखा बदलल्याने होणारी बचत सरासरी दरापेक्षा जास्त भरते. याउलट महिन्याला १०० युनिटांच्या आत असलेल्या कुटुंबाची बचत रुपयांत कमी दिसते. ज्याला पैशांची चणचण अधिक, त्यालाच कार्यक्षम पंख्याचा फायदा उशिरा मिळतो, ही या व्यवस्थेतील पहिली विसंगती.

तारांकनाने काय बदलले?

पंख्यांसाठी ‘स्टार’ देण्याची पद्धत पूर्वीपासून होती, पण ती ऐच्छिक होती. १ जानेवारी २०२३ पासून ती सक्तीची झाली. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने, म्हणजेच ‘बीईई’ने, यासाठी लावलेली फूटपट्टी सोपी आहे. पंखा दर मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो, त्या आकड्याला तो घेत असलेल्या वॅटने भागायचे. घराघरांत आढळणाऱ्या १,२०० मिलिमीटर पात्याच्या पंख्यासाठी हा भागाकार किमान ४ आला तर एक स्टार आणि ६ किंवा त्याहून जास्त आला तर पाच स्टार, असे २०२३ मध्ये लागू झालेले निकष सांगतात.

याचा व्यवहारातील अर्थ असा की मिनिटाला २१० घनमीटर हवा देणारा पंखा एक स्टारसाठीसुद्धा साडेबावन्न वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ शकत नाही. पाच स्टारसाठी तर त्याला ३५ वॅटमध्येच भागवावे लागते. म्हणजे पूर्वीचा ७५ वॅटचा नवा पंखा अधिकृतपणे बाजारातून हद्दपार झाला. त्या वेळी पंखे ८ ते २० टक्क्यांनी महागतील, असा उद्योगाचा अंदाज होता. पाठोपाठ केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि पंख्यांना ‘आयएस ३७४’ या भारतीय मानकाचे बंधन घातले. त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाली व लहान उद्योगांना थोडी अधिक मुदत मिळाली. नवा पंखा घेताना आयएसआय चिन्ह आणि स्टारचे लेबल या दोन्ही गोष्टी पाहणे त्यामुळे ग्राहकाच्या हिताचे आहे.

हा बदल स्वागतार्ह होता, यात शंका नाही. पण नियम नव्या पंख्याला लागू होतो. छताला आधीच टांगलेले कोट्यवधी जुने पंखे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. पंखा ही सहजासहजी न मरणारी वस्तू आहे. वीस-वीस वर्षे तो फिरत राहतो. मध्येच बंद पडला तर वाइंडिंग करून पुन्हा चालू होतो. जुन्या पंख्याची हीच चिवट प्रकृती बदलाच्या आड येते.

जाहिरातीतले गणित, घरातले गणित

बाजारात सध्या बोलबाला आहे तो ‘बीएलडीसी’ पंख्यांचा. नेहमीच्या पंख्यात कंडेन्सरवर चालणारी इंडक्शन मोटर असते. तिच्यात बरीचशी वीज उष्णता होऊन वाया जाते. बीएलडीसी मोटरमध्ये कायम चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट असल्याने तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये मिळतो. मुंबई आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘अ‍ॅटमबर्ग’ या कंपनीने गेल्या दशकात हे पंखे घरगुती बाजारात रुजवले आणि मग जुन्या नामवंत कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले. साधा एक स्टार पंखा साधारण तेराशे ते अठराशे रुपयांना मिळत असेल, तर बीएलडीसीसाठी अडीच ते साडेतीन हजार मोजावे लागतात.

हा जादा खर्च किती दिवसांत वसूल होतो? जाहिराती ‘वर्षभरात’ असे सांगतात. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. जाहिरातीतील तुलना बहुधा ७५ वॅटच्या जुन्या पंख्याशी असते. घरातला तसा पंखा काढून ३० वॅटचा बसवला, तर दिवसाला १२ तासांच्या हिशेबाने वर्षाला १६२ युनिटे, म्हणजे आठ रुपये दराने सुमारे १,३०० रुपये वाचतात. परंतु ज्याला नवीनच पंखा घ्यायचा आहे, त्याच्यासमोरचा पर्याय ७५ वॅटचा नसून ५० वॅटच्या एक स्टार पंख्याचा आहे. तेथे फरक फक्त २० वॅटचा आणि बचत वर्षाला ७२ युनिटांची, म्हणजे पावणेसहाशे रुपयांच्या आसपास. बाराशे रुपये जादा मोजले असतील तर ते वसूल व्हायला दोन वर्षे लागतात.

यातही पंखा कोणत्या खोलीत आहे, हे निर्णायक ठरते. दिवाणखान्यातला किंवा मुले अभ्यासाला बसतात त्या खोलीतला पंखा दिवसाला बारा-पंधरा तास फिरतो. पाहुण्यांच्या खोलीतला दोन तासही फिरत नाही. दोन तासांच्या पंख्यावर जुना काढून बीएलडीसी बसवला तरी वर्षाला २७ युनिटे, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आत बचत होते. सरसकट सर्व पंखे एकाच दिवशी बदलणारे कुटुंब म्हणूनच उगाच खर्चात पडते. जास्त तास चालणारा पंखा आधी बदलावा, कमी चालणारा आहे तोपर्यंत राहू द्यावा, हा क्रम खिशाला परवडणारा आहे.

आणखी एक बाब जाहिरातीत नसते. नेहमीचा पंखा हळू फिरू लागला की बहुतेक वेळा दोष कंडेन्सरचा असतो. तो शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि पाच मिनिटांत बदलता येतो. केवळ पंखा मंदावला म्हणून नवा आणणे ही चैन आहे. बीएलडीसी पंख्याचे सर्किट बिघडले, तर नाक्यावरच्या कारागिराकडे त्याला इलाज नसतो. कंपनीच्या सेवा केंद्राची वाट पाहावी लागते. त्यामुळे हमीचा कालावधी आणि आपल्या शहरात सेवा केंद्र आहे की नाही, या दोन गोष्टी किमतीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पाच वर्षांच्या हमीचा पंखा दोनशे रुपयांनी महाग असला तरी तो स्वस्तच समजावा.

हुक, वायर आणि वायरमन

आता दुसऱ्या खात्याकडे वळू. पंखा बसवणे म्हणजे दोन पूर्णतः वेगळी कामे असू शकतात. जुना पंखा उतरवून त्याच जागी नवा लावणे हे एक काम. जिथे पंखाच नाही तिथे नवा पॉइंट काढणे हे दुसरे. पहिल्या कामाला शहर आणि वस्तीनुसार साधारण दीडशे ते चारशे रुपये मजुरी पडते. दुसऱ्यात वायर, पाइप किंवा केसिंग पट्टी, स्विच, रेग्युलेटर, छताला छिद्र पाडून बसवायचा अँकर फास्टनर आणि अर्ध्या दिवसाची मजुरी असे सारे धरून हजार-दोन हजार रुपयांचा खर्च सहज होतो. म्हणजे पंख्याएवढीच किंमत पंखा टांगण्याची!

कायदाही या दोन कामांत फरक करतो. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांची निव्वळ अदलाबदल वगळता घरातील विद्युत संचमांडणीचे कोणतेही काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे, हा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आला आहे. अदलाबदलीने संचमांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये, ही त्यातील अट आहे. नवा पॉइंट हे नवे काम ठरते. प्रत्यक्षात ‘ओळखीचा मुलगा’ शिडी घेऊन येतो आणि अर्थिंगची वायर मोकळी सोडून निघून जातो. वाचलेल्या शंभर-दोनशे रुपयांची किंमत एखाद्या दमट दिवशी विजेच्या धक्क्याने मोजावी लागते.

पंखा पडण्याच्या घटनांमागे पुष्कळदा एखादी किरकोळ वाटणारी वस्तूच असते. डाऊन रॉडमधला बोल्ट निसटू नये म्हणून त्यात घालायची स्प्लिट पिन खोक्यातच राहून गेलेली असते, हुकावरचा रबर झिजलेला असतो, किंवा गंजलेल्या जुन्या हुकालाच नवा पंखा अडकवलेला असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या खोट्या छताला पंखा पेलण्याची ताकद नसते. त्याचा भार मूळ स्लॅबवरच यायला हवा. वायरमनने काम संपवल्यावर पिन लावली का, अर्थिंग जोडले का, आणि पंखा पूर्ण वेगात डोलतो का, हे तीन प्रश्न विचारण्याला पैसे पडत नाहीत.

उंचीचा मुद्दाही असाच दुर्लक्षित. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निकषांनुसार पंख्याचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किमान २.४ मीटरवर हवा आणि पाती व छत यांत किमान ३० सेंटिमीटर अंतर हवे. पाती छताला फार चिकटवली तर पंख्याला हवाच ओढता येत नाही. वीज तेवढीच जाते, वारा मात्र लागत नाही. नऊ फुटांच्या खोलीत हे गणित जेमतेम जमते. चाळीतल्या पोटमाळ्याखाली किंवा पत्र्याच्या घरात ते जमणारच नाही. तेथे छताच्या पंख्याचा आग्रह धरण्यापेक्षा भिंतीवरचा पंखा बसवणे हेच सुरक्षित आणि स्वस्त आहे. लहान स्वयंपाकघरात १,२०० मिलिमीटरचा पंखा लावणेही असेच अनाठायी. तेथे ९०० मिलिमीटरचा पुरतो.

नव्या सदनिका घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील वा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. छतातला निखळलेला हुक किंवा सदोष वायरिंग हा असा दोष आहे. स्वतःच्या खर्चाने स्लॅबला भोके पाडण्यापूर्वी बिल्डरला लेखी पत्र देणे हाही पंखा स्वस्तात बसवण्याचाच एक मार्ग होय.

भाड्याच्या घरातला पंखा

या तीन खात्यांतील सर्वांत मोठी गुंतागुंत भाडेकरूच्या वाट्याला येते. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांत ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पंखा घरमालक बसवतो. बिल भाडेकरू भरतो. मालकाच्या दृष्टीने सर्वांत कमी किमतीचा पंखा सर्वांत चांगला, कारण तो किती वीज खातो याच्याशी त्याचा संबंध नाही. भाडेकरूला बिलाची झळ बसते, पण ११ महिन्यांसाठी परक्याच्या छताला तीन हजारांचा पंखा टांगावासा वाटत नाही. दोघेही आपापल्या जागी शहाणपणाने वागतात आणि परिणामी जुनाच पंखा गरगरत राहतो.

यावर भाडेकरूंनी काढलेला तोडगा साधा आहे. स्वतःचा बीएलडीसी पंखा लावायचा, मालकाचा जुना पंखा खोक्यात घालून माळ्यावर ठेवायचा आणि घर सोडताना पुन्हा जागेवर लावून आपला पंखा बरोबर न्यायचा. ही निव्वळ अदलाबदल असल्याने पॉइंटला धक्का लागत नाही. मात्र दोन्ही वेळची मजुरी हिशेबात धरावी लागते. वर्षाला १,३०० रुपये वाचत असतील आणि काढण्या-लावण्यावर सहाशे जात असतील, तर लाभ निम्म्यावर येतो. करार करतानाच पंख्याचा विषय काढून काही खर्च भाड्यातून वळता करून घेणे, हा अधिक रास्त उपाय.

दिवा जमला, पंखा का नाही?

सरकारने या विषयाकडे पाहिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने एलईडी दिव्याची जी किमया केली, तिला जगात तोड नाही. केंद्राच्या ‘ईईएसएल’ या कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकत्रित खरेदी केली आणि २०१३-१४ मध्ये ३१० रुपये असलेला खरेदी दर २०१६-१७ पर्यंत ३८ रुपयांवर आला. २०२५ च्या आरंभीपर्यंत या योजनेतून सुमारे ३७ कोटी दिवे लोकांच्या घरी गेले. त्याच योजनेत कार्यक्षम पंखेही विकले जात होते. त्यांची संख्या होती सुमारे साडेतेवीस लाख. म्हणजे दीडशे दिव्यांमागे एक पंखा!

हा फरक केवळ किमतीचा नाही. दिवा दुकानातून आणला की घरातले कोणीही तो होल्डरमध्ये अडकवू शकते. पंख्याला शिडी लागते, वायरमन लागतो, त्याचा वेळ आणि घरच्यांचा खाडा जुळावा लागतो, हुक शाबूत असावा लागतो. शिवाय जुना दिवा जळून जातो आणि नव्याची गरज आपोआप निर्माण होते. जुना पंखा मात्र कुरकुरत का होईना, फिरतच असतो. एकत्रित खरेदीने वस्तूची किंमत उतरते, या सर्व अडचणींची नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘ईईएसएल’ने एक कोटी बीएलडीसी पंख्यांचे उद्दिष्ट ठेवून स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. त्याचाही भर मोठ्या खरेदीतून किंमत खाली आणण्यावरच होता. दिव्याच्या यशाचा साचा पंख्याला जसाच्या तसा बसेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

करांच्या बाबतीतही पंख्याच्या पदरी निराशाच आली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा पंखा २८ टक्क्यांच्या टप्प्यात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो १८ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून करांची फेररचना झाली आणि वातानुकूलन यंत्रावरील कर २८ वरून १८ टक्के झाला. पंखा जिथे होता तिथेच राहिला. तीस वॅटचा पंखा आणि दीड हजार वॅटचे वातानुकूलन यंत्र आज एकाच कराच्या पंगतीत बसले आहेत. विजेची बचत हे राष्ट्रीय उद्दिष्ट असेल, तर पाच स्टार पंख्याला कमी कराचा टप्पा नाकारण्याचे समर्थन करणे अवघड आहे.

करण्याजोगे काय?

उपाय आभाळातून आणायचे नाहीत. ते व्यवस्थेत विखुरलेले आहेत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१० मध्येच मागणी व्यवस्थापनाची नियमावली केली असून, वीज कंपन्यांना ग्राहकांच्या घरातील उपकरणे बदलण्यासाठी कार्यक्रम राबवता येतात. मुंबईत सवलतीच्या दरात कार्यक्षम पंखे देण्याचे प्रयोग या मार्गाने झालेही आहेत. अशा कार्यक्रमांत पंख्याच्या किमतीबरोबर जोडणीची मजुरीही धरली आणि जुना पंखा परत घेऊन मोडीत काढला, तर खरी बचत साधेल. जुना पंखा मोडीत न निघता शेजारच्या वस्तीत गेला, तर देशाच्या दृष्टीने एक युनिटही वाचत नाही.

दुसरा उपाय हप्त्याचा. ‘उजाला’त काही ठिकाणी दिव्यांची किंमत वीजबिलातून हप्त्याने वसूल करण्यात आली होती. तीन हजारांचा पंखा महिन्याला सव्वाशे रुपयांच्या हप्त्याने दोन वर्षांत फेडता येईल आणि त्यातला मोठा वाटा वाचलेल्या विजेतूनच निघेल. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला एकरकमी तीन हजार जड जातात. सव्वाशे जात नाहीत.

तिसरा उपाय माणसांचा. राज्यातल्या आयटीआयमधून दरवर्षी वायरमन आणि वीजतंत्री बाहेर पडतात. पंखे बदलण्याचे काम प्रभागनिहाय त्यांच्याकडे सोपवले, एका सोसायटीतले किंवा एका चाळीतले वीस पंखे एका दिवसात बसवले, तर मजुरीचा दर निम्म्यावर येऊ शकेल. सोसायट्यांना यासाठी सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. वीस घरांनी मिळून दुकानदाराकडे गेले तर किंमत उतरते आणि परवानाधारक वायरमनही एका फेरीत सारे काम उरकतो. पाण्याची टाकी साफ करायला सोसायटी एकत्र येते, मग पंख्याला का नाही?

झोपडपट्टी पुनर्वसन इमारतींत हा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. तीनशे चौरस फुटांच्या त्या घरांत वारा खेळायला जागा नसते, खिडकी बऱ्याचदा शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते आणि पंखा दिवसाचे वीस-वीस तास चालतो. ज्या घरात पंखा सर्वांत जास्त चालतो, त्याच घरात सर्वांत जुना पंखा असतो. सवलतीचा पहिला हक्क त्या घराचा आहे.

पंख्याच्याही मर्यादा आहेत. तो हवा थंड करत नाही. घाम सुकवून अंगाला गारवा देतो. तापमान ४० अंशांच्या पुढे गेल्यावर पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सांगतो, कारण तेव्हा तो अंगावर गरम हवाच फेकतो. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी पंखा पुरत नाही, तो यामुळेच. मुंबई-ठाण्याच्या दमट उकाड्यात आणि राज्यभरच्या तापल्या रात्रींत मात्र कष्टकऱ्याची झोप त्याच्यावरच अवलंबून असते. दुसऱ्या दिवशी कामावर उभे राहण्याचे बळ त्या झोपेतून येते. ते बळ कोणाला किती किमतीला मिळते, हे आज हुक, वायरमन आणि घरमालक ठरवत आहेत. स्टारचे लेबल खोक्यावर लावून सरकारचे काम संपत नाही. तो खोका उघडून पंखा छताला लागेपर्यंतची जबाबदारीही धोरणाने घ्यायला हवी.